घर पाहून धार

आमच्या घरमालकिणीला माणूस कळायचा तो त्याच्या घरच्या विळीवरून. अमक्याची सून कशी आहे, असं कुणी विचारलं की ती डोळे बारीक करून म्हणायची, "विळी आणून दाव, मग सांगते." विळी मधोमध झिजलेली असेल तर बाई घाईची. टोकाशी झिजलेली असेल तर आळशी. कुठेच झिजलेली नसेल तर सासू सुनेला चुलीपाशी फिरकू देत नाही. हे सगळं बरोबर निघायचं असं मुळीच नाही. पोस्टमनच्या बायकोला तिने एकदा भर चौकात आळशी ठरवलं, आणि ती बिचारी नुसती डावखुरी होती. हे मी तिच्या कानावर घातलं तर म्हणाली, "डावखुरी आसंल. पर आळशी हायच." चूक कबूल करणं तिच्या रक्तातच नव्हतं.

सारं गाव तिला आत्या म्हणायचं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती, त्यामुळे गावातला जो तो एकतर तिचा भाऊ होता नाहीतर भाचा. मी आष्टीकडच्या त्या गावात दूध संस्थेची सचिव म्हणून रुजू झाले आणि खोली मिळाली ती तिच्याकडेच. मी पालीची, म्हणजे धरणाच्या कुशीतली. पाणी बघून बघून डोळे भरलेले. या गावात उतरले तेव्हा हिरवं म्हणावं असं फक्त संस्थेचं दार होतं, तेही रंगवलेलं.

पहिल्याच दिवशी तिने माझं सामान तपासलं. ट्रंक नाही, गादी नाही, थेट चाकू मागितला. मी लाल मुठीचा, बाजारात घेतलेला चाकू पुढे केला. तिने तो हातात घेतलाच नाही. "खाली ठिव," म्हणाली. पातं या हातातून त्या हातात दिलं की भांडण होतं, ही समजूत आमच्याकडेही होती, पण आत्या ती कायद्यासारखी पाळायची. मी चाकू जमिनीवर ठेवला, तिने उचलला, अंगठा आडवा फिरवला आणि माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

"म्याडम, ह्यानं लोणी कापता का लोण्याची समजूत काढता?"

मला ते लागलं. मी काही खायला-प्यायला न मिळालेल्या घरातून आले नव्हते. पण संध्याकाळी तिने तो चाकू परत जमिनीवर ठेवला आणि मी कांदा चिरायला घेतला, तर चिरून झाला तरी डोळ्यांतून पाणी आलं नाही. त्यानंतर मी तिच्याशी वाद घालणं कमी केलं. बंद नाही केलं.

तिच्याकडे यंत्र नव्हतं, चाक नव्हतं. एक कानस, एक खरखरीत दगड, एक गुळगुळीत दगड आणि एक वाटी पाणी. पहाटे खर्र, खर्र असा आवाज सुरू व्हायचा. तोच माझा गजर. धार झाली की ती आपल्या डाव्या हातावर पातं टेकवायची आणि केस निघतात का बघायची. तो हात कोपरापर्यंत तुळतुळीत होता, म्हणून मग समोर येईल त्याचा हात धरायची. एकदा निवडणुकीच्या दिवसांत आमच्या संस्थेचे चेअरमन मतं मागायला आले. आत्याने बोलता बोलता त्यांचं मनगट धरलं आणि अडकित्त्याचं पातं फिरवलं. चेअरमन मोठे जमीनदार, अंगावर केस अस्वलासारखे. हातावर मधोमध टक्कल पडलं. पुढचा सगळा प्रचार त्यांनी भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालून केला.

हे हसण्यावारी नेण्यासारखं असलं तरी तिच्याजवळ वावरताना मी कायम हातभर अंतर ठेवायचे. माणूस बोलता बोलता हातातलं पातं आपल्याकडे वळवतो तेव्हा शब्द जरा जपून निघतात. शिवाय ते दिवसच तसे होते. पावसाने सलग पाठ फिरवलेली. जनावरं छावणीत नेऊन बांधलेली, संस्थेत दूध इतकं कमी येई की कॅन अर्ध्यावरच टेंपोत चढायचे. आणि टँकर आला की आया-बहिणी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

त्या टँकरवर आत्या सगळ्यात आधी घुसायची ती हंडा घेऊन नाही, तर ती वाटी घेऊन. दगडासाठी. एकदा एका बाईने तिच्या हातावर चापट मारून वाटी उडवली आणि ओरडली, "हितं लेकराच्या घशाला कोरड पडली, आन् तू दगडाला पाजती व्हय गं?"

आत्याने वाटी उचलली. "दगड प्याला तर तुझा नवरा ऊस तोडंल. त्यानं ऊस तोडला तर तू पिशील. सर बाजूला."

बाई सरली. कारण तेवढं मात्र खरं होतं. दसरा झाला की अर्धं गाव कोयते घेऊन कारखान्याकडे जायचं, नवरा-बायको जोडीने. त्याआधी सगळे कोयते आत्याच्या अंगणात यायचे. तिच्या धारेचा मान असा की, उसाच्या फडात पहिल्या दिवशी तिच्या धारेवर कुणी कानस लावायची नाही, असा आमच्या गावच्या टोळीचा रिवाज होता. पहिला दिवस आत्याच्या हाताचा. दुसऱ्या दिवसापासून ज्याची त्याची कानस. एकाने तो मोडला आणि त्याच हंगामात त्याचा बैल मेला, असं सांगायचे. बैल म्हातारा होता हे कुणी सांगत नसे.

तिचा आणखी एक नेम होता. पाती जमिनीवर मांडली की ती वळून सरळ घरात जायची आणि माणूस ती उचलून अंगणाबाहेर जाईपर्यंत बाहेर यायची नाही. "धार जाताना बघायची नसती," म्हणायची. का, ते मी पुष्कळदा विचारलं. "नसती म्हंजी नसती."

तिचा उजवा कान मी फार दिवस पाहिलाच नव्हता. पदर तिथे असा घट्ट ओढलेला असायचा की उकाड्यातही ढळायचा नाही. एका दुपारी ती न्हाऊन केस वाळवत बसली होती आणि मी अचानक गेले. कानाचा वरचा भाग नव्हता. तिथून खांद्यापर्यंत एक पांढरी रेघ गेली होती. तिने पदर ओढला नाही. मी पाहिलं आहे हे तिने पाहिलं होतं.

"नवऱ्यानं कोयता मारला," ती म्हणाली. "फडात. भाकरी करपली म्हून."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"त्यानं मारलं त्याचं येवढं न्हाई वाटत, म्याडम. मारायचाच तो. पर सकाळी तो कोयता म्याच लावलता. आशी धार कदी बसली नव्हती माज्या हातनं. सगळ्या टोळीला दाखीवली म्या, बगा बगा म्हून." ती केसांतून फणी ओढत राहिली. "तवापून मी घर बघून धार देती."

घर पाहून धार म्हणजे काय, ते तिने मला त्या दुपारी सांगितलं. ज्या घरात पिऊन दंगा होतो, ज्या घरात हात उचलला जातो, त्या घरची कुऱ्हाड, त्या घरचा कोयता ती नुसता चकचकीत करायची. पातं आरशासारखं दिसायचं. आणि शेवटी ते दगडावर उभं धरून एकदाच अलगद ओढायची. तेवढ्याने धार मरते. घरी नेल्यावर माणूस कुरकुरला तर म्हणायची, "तुजं लोखंडच हलकं." गावात कुणाकुणाचं लोखंड हलकं होतं ते मी मनात मोजू लागले आणि पुढे पुढे मोजायचं सोडून दिलं. खरं सांगते, मला ती तेव्हा फार मोठी वाटली. गावात पोलीस पाटील होता, चेअरमन होते, पण त्या बायकांसाठी कुणी काही करत असेल तर ही कानतुटकी म्हातारी.

आमच्या भिंतीला लागून महादूचं घर होतं. महादू ऊसतोडीला जाणारा, अंगाने दणकट, डोक्याने तापट. त्याची बायको सविता पाटोद्याकडची, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. भिंत कुडाची, त्यामुळे त्यांच्या घरातला एकही शब्द वाया जात नसे. भांडणं व्हायची आणि ती वाढतच चालली होती. सविता गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तो एक बोलला की ती दोन बोलायची, मग भांडं आदळायचं, मग सासूचा आवाज. दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात एका संध्याकाळी महादूचा आवाज भिंतीतून स्वच्छ आला.

"यंदा फडात चल, मग बगतो. तिथं तुझी आई न्हाई यायची. उसाच्या वाढ्यासारखी छाटून टाकीन."

मी आणि आत्या जेवत होतो. तिचा घास हातातच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडेही नाही. तिचा डावा हात उजव्या कानाकडे गेला आणि खाली आला. उरलेली भाकरी तिने कोंबड्यांना टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी महादू आणि सविता आपले दोन कोयते न्यायला आले. बाहेर ट्रॅक्टर उभा होता, माणसं, भांडी, शेळ्या, पोरं सगळं चढत होतं, धुरळा आणि आरडाओरडा. आत्याने दोन्ही कोयते पुसून जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. दोन्ही सारखे लखलखत होते. मांडले आणि नेहमीप्रमाणे वळून आत गेली. मी दारात उभी होते. महादू खाली बसला. एका कोयत्यावर त्याने अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावर फिरवला, एक उचलला आणि निघाला. राहिलेला सविताने उचलला. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. कुणालाही दिसलं नसतं.

पुढे काही दिवस आत्या खुशीत होती. विनाकारण मला भाजी देई. भिंतीपलीकडे फक्त सासूचं खोकणं होतं. एकदा मी म्हटलं, "करमत नाही हो, भांडण नाही तर." ती हसली आणि म्हणाली, "भांडू दे तिकडं. नुसतं तोंडानं भांडतील."

सविता परत आली ती दुधाच्या टेंपोतून. सकाळची वेळ, मी दूध मोजून घेत होते. ड्रायव्हरशेजारून ती उतरली, डाव्या हाताला फडक्याचं मोठं गाठोडं, आणि उजव्या हातात कपड्यांची पिशवी, तिच्यातून कोयत्याची मूठ बाहेर आलेली. तोंड काळवंडलं होतं. मी मापटं टाकून धावले.

"काय झालं गं?"

"हात चुकला, म्याडम," ती म्हणाली. "पैल्याच दिशी. उसाचं शेंड्याकडचं वाढं छाटत व्हते, घसरला."

करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आता वळत नव्हतं. डॉक्टरने शिवलं होतं, पण आतली शीर तुटली ती तुटली. मुकादमाने महादूला तेवढ्या हंगामापुरतं ठेवून घेतलं आणि हिला पाठवून दिलं, कारण मोळी बांधता न येणाऱ्या बाईचं फडात काय काम? आणि महादू फडातून निरोप धाडत होता की बायकोने मुद्दाम हात कापून घेतला, कामचुकार आहे, आता हिला माहेरी पोचवा, मी दुसरी बघतो. फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; जोडीदारणीशिवाय कोयता अर्धा, आणि अर्ध्याला मुकादम पुढच्या हंगामाला उभं करत नाही. सासूने ते सगळं ओट्यावर बसून गावाला ऐकवलं. सविता आत बसून ऐकत होती.

मी घरी गेले आणि आत्याला सांगितलं. ती कानस घासत होती. हात थांबला.

"कोन्चा हात?"

"डावा. घसरला म्हणते."

"धारेचा कोयता घसरत न्हाई," आत्या म्हणाली. "बोथट घसरतो." तिने कानस खाली ठेवली. "म्या तर त्याचा बोथट केलता. जाड मुठीचा. तिचा तर मी वस्तऱ्यावानी लावलता, म्याडम. कापसावानी ऊस तुटला आसता. तिच्या हातात त्याचा कसा गेला?"

तेव्हा मला दारातलं ते सगळं आठवलं. मी सांगितलं. तो बसला, दोन्हींवर अंगठा फिरवला, एक उचलला.

आत्याच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. मला कळलं आणि तिलाही कळलं. ज्याने तिचा कान कापला त्या माणसाबरोबर तिने अख्खा संसार केला होता, आणि तरी ही एवढी साधी गोष्ट तिच्या हिशेबात आली नव्हती. घरात दोन वस्तू असल्या की चांगली कोण उचलतो. सविताला वाटलं असणार, आपल्या वाटणीला हेच. कानस लावायची नाही हा रिवाज, म्हणून तिने ती लावलीही नाही.

मला आत्याचा संताप आला. मी म्हटलं, "चला, आत्ताच्या आत्ता सांगून या. त्या पोरीला हाकलून देतायत."

"आन् मग?"

"मग काय? खरं ते सांगायचं."

"म्याडम, तुमची बदली हुईल," ती म्हणाली. "मला ह्याच गावात मरायचंय."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. आत्या माझ्याशी बोलेना, मी तिच्याशी बोलेना. भिंतीपलीकडून सासूचा आवाज रोज यायचा, आता एकतर्फी. सविता उत्तर द्यायची थांबली होती, आणि ती शांतता भांडणापेक्षा जास्त अंगावर यायची. आत्या स्वतःची एक जुनी सुरी घासत बसायची, दिवसभर, पातं कागदासारखं होईपर्यंत. लोक विळ्या घेऊन आले तर "उद्या या" म्हणायची. वाटीतलं पाणी वाळून जायचं आणि तिला पत्ता नसायचा.

संक्रांतीच्या सुमाराला महादू आला, सोक्षमोक्ष लावायला. आमच्या गावात असले निवाडे दूध संस्थेच्या ओट्यावर व्हायचे, सकाळचं दूध झाल्यावर, कारण त्या वेळेला सगळे तिथेच असत. चेअरमन खुर्चीवर. सविताचा बाप पाटोद्याकडून आलेला, हात जोडून खांबाला टेकून उभा. महादू, त्याची आई, आणि गाव. बायका एका बाजूला, त्यांच्यात सविता, डावा हात पदराखाली. मी आत हिशेबाच्या टेबलाशी बसून सगळं ऐकत होते.

महादू म्हणाला, "मला न्हाई नांदवायची. काम नगं म्हून हात तोडून घेतला हिनं. पैल्या दिशी! सगळी टोळी हासली मला."

बाप म्हणाला, "पोर आसं कशाला करंल, पाव्हणं?"

"मग घसरला कसा? आत्याची धार व्हती. आत्याची धार घसरती का? इचारा गावाला."

गावाने मान हलवली. आत्याची धार घसरत नाही. चेअरमननी चष्मा काढून पुसला, म्हणजे आता ते निकाल देणार होते.

तेव्हा आत्या आली. सविताच्या सासूच्या घरातून ती तो कोयता काढूनच आली होती, पदरात गुंडाळून. गर्दीने वाट दिली. तिने कोयता महादूपुढे जमिनीवर ठेवला.

"उचल."

"कावून?"

"उचल म्हन्ते ना. आंगठा फिरव."

महादूने उचलला. अंगठा फिरवला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हाय का धार?"

"न्हाई."

"म्या मारली ती धार," आत्या म्हणाली. ती मोठ्याने बोलत होती, शेवटच्या माणसापर्यंत जाईल असा. "जानून. दगडावर उभा धरून मारली. पोरीचा हात न्हाई चुकला. माजा चुकला."

महादूने कोयता उलटा करून धार पुन्हा चाचपली.

"कावून, आत्या? म्या तुजं काय घोडं मारलं?"

"तू तिला छाटून टाकीन म्हन्लास. भिंतीतनं ऐकलं म्या. ह्यो तुजा कोयता हाय, मूठ वळख. तुजा बोथट केलता. तू तिचा उचललास."

सगळ्या गावासमोर. बायको छाटीन म्हणणारा, आणि बायकोच्या वाटणीची धार उचलणारा. महादू उभा राहिला. कोयता त्याच्या हातात होता आणि मूठ आवळून बोटांची पेरं पांढरी झाली होती. सविताचा बाप पुढे सरकला. मी टेबलामागून उठून दारापर्यंत आले. आत्या मागे सरली नाही. उलट एक पाऊल पुढे गेली, इतकी की कोयता वर गेला असता तर थेट तिच्या डोक्यावर आला असता.

"मार," ती म्हणाली. "पर दोनदा मारावं लागंल. बोथट हाय."

कुणी हसलं नाही. चेअरमन खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, "महादू, खाली ठिव बे. ठिव म्हन्तो ना." मग त्याने कोयता टाकला, तो फरशीवर खणखणला, आणि सगळ्यांना एकदम बोलता आलं.

पण ते बोलणं महादूवर गेलंच नाही. टँकरवर वाटी उडवणारी ती बाई उठली. "आत्या, आमच्या कुऱ्हाडीला तू हलकं लोखंड म्हन्लीस. तीबी मारली व्हती का?"

"व्हय," आत्या म्हणाली.

"आन् आमचा कोयता?" दुसरा.

"तुजाबी. तू पितोस."

मग जो कल्ला झाला तो विचारू नका. ज्याचं त्याचं बोथट पातं आठवलं. अर्धवट तुटलेली फांदी, सोललं गेलेलं बोट, वाया गेलेला दिवस, सगळं आत्याच्या अंगावर आलं. कुणाला धार द्यायची ते ठरवणारी ती कोण लागून गेली, असं म्हणणाऱ्यांत ज्यांची डोकी तिने वाचवली असतील त्या बायकाही होत्या. चेअरमननी ओरडून ओरडून निकाल दिला की सूनबाईचा दोष नाही, महादूने तिला नांदवायची, उलट बोलला तर गाव बघून घेईल. तो निकाल ऐकूनही कुणी शांत होईना.

शांत झाले ते सविता उठली तेव्हा. ती आत्यापुढे येऊन उभी राहिली. पदराखालचा हात तिने बाहेर काढला होता. मला वाटलं, ती पाया पडणार किंवा रडणार. बहुतेक सगळ्यांनाच तसं वाटलं असावं.

"आत्या," ती म्हणाली, "भांडन आमच्या घरातलं. कोयता आमच्या घरातला. हात माजा. मला यकदा इचारलं का न्हाईस? म्या सांगितलं आसतं ना तुला, चांगला त्यो उचलतो म्हून. मला ठावं व्हतं. तुला ठावं न्हवतं."

आत्या तशीच वळली आणि घरी गेली, आणि त्या दिवशी तिचा पदर कानावरून खाली आला होता तो तिने सावरला नाही.

त्या उन्हाळ्यात तिच्या अंगणात कुणी फिरकलं नाही. आष्टीच्या बाजारातून सायकलवाला धारवाला यायचा, लोक त्याच्याकडे जायचे आणि आत्याच्या दारावरून मुद्दाम विळ्या मिरवत न्यायचे. त्याची धार चार दिवस टिकायची, पण अपमानाची किंमत म्हणून लोकांनी तेही चालवून घेतलं. आत्या दारात बसून असायची. मी तिच्यावरचा राग कधी सोडला ते आठवत नाही, पण एक दिवस मी माझा लाल मुठीचा चाकू तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. तिने तो लावून दिला. लावताना मला विचारलं, "काय चिरता जास्त?" आधी कधी विचारलं नव्हतं.

सविता नांदत होती. महादू सुधारला वगैरे काही झालं नाही. त्याचा आवाज भिंतीतून यायचा, आणि आता तिचाही पुन्हा यायला लागला होता, त्याचं मला फार बरं वाटलं. दुपारी ती संस्थेत यायची आणि कॅनच्या कडीत डाव्या हाताची तीन बोटं घालून रिकामा कॅन उचलायची, ठेवायची, उचलायची. नंतर भरलेला. मी म्हटलं, कशाला हाताला ताण देतेस? म्हणाली, "दसऱ्याला जायचंय. त्यानं दुसरी आनायच्या आदी म्या उभी ऱ्हायला पायजे ना." मला ते ऐकून रडू आलं आणि मी तिच्यावर चिडलेही. मी तिला संस्थेत साफसफाईचं काम देऊ केलं. ती म्हणाली, "बगू, म्याडम," म्हणजे नाही.

दसऱ्याच्या आधी धार लावून घ्यायला सगळ्यात पहिली आली ती सविता. एकटी. महादू अंगणाबाहेर उभा होता, आत यायची त्याची छाती होत नव्हती. बाकीचं गाव आपापल्या दारातून बघत होतं. सविताने दोन्ही कोयते आत्यापुढे जमिनीवर ठेवले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, हात लावला नाही. "कशी लावू?" तिने विचारलं. तिचा आवाज मी इतका खाली गेलेला कधी ऐकला नव्हता. "सांग तू. तू सांगशील तशी."

"दोनीबी सारकी लाव," सविता म्हणाली. "पाक वस्तऱ्यावानी."

"त्याचाबी?"

"त्याचाबी. बोथट कोयत्यानं त्यो मागं पडतो, आन् मागं पडला की घरी येऊन माज्यावर काढतो. त्ये मला ठावं हाय." ती महादूकडे न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं बोलत होती. "आन् लावून झाली की आत जाऊ नगंस. हितंच बस. म्या आदी उचलनार हाय, त्ये बग."

आत्याने वाटी पुढे ओढली. त्या दिवशी धार लावायला तिला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. दोन्ही कोयते पुसून तिने जमिनीवर शेजारी शेजारी मांडले आणि जागची हलली नाही. सविता खाली बसली, तिने दोन्हींवर अंगठा फिरवला, सावकाश, आणि एक उचलून उभी राहिली. मग तिने अंगणाबाहेर हाक मारली, "या, न्ह्या तुमचा."